तपासणीपूर्वी पाठवू नये

मुरूड, जि. लातूर
दिनांक २ जानेवारी २०२५
नक्कल क्रमांक ११७

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

राज्य परिवहन महामंडळाचे सेवानिवृत्त वाहक, नांदेडनिवासी आदरणीय नागप्पा यांना मुरूडहून बसवंतप्पा यांचा शरणार्थ.

गेल्या रविवारी सुपारी फोडून आपली मंडळी नांदेडास सुखरूप पोहोचल्याचे कळले. समाधान वाटले. निघतेवेळी आपल्या सौभाग्यवती सिद्धम्मा यांनी गाडीच्या खिडकीतून एक प्रश्न विचारला होता : "पोरगी हैदराबादेत नेमकं करती काय?" मी उत्तराची जुळवाजुळव करीपर्यंत गाडी सुटली. नातसुनेच्या नोकरीसंबंधीचे उत्तर धावत्या गाडीमागे पळत देणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून ते लेखी देत आहे.

मी मोबाईल वापरत नाही हे आपण जाणताच. त्याचे कारण अज्ञान नव्हे. सन १९५४ साली मी चौथीच्या परीक्षेत शाळेत पहिला आलो होतो. कारण निराळे आहे. मी बेचाळीस वर्षे भुसार दुकान चालवले. दुकानातील प्रत्येक वजनाच्या बुडाशी शिशाची एक टिकली असते. वजनमापे निरीक्षक येऊन वजन ताडून पाहत आणि त्या शिशावर सरकारी छाप ठोकत. ज्यावर छाप नाही, ते वजन मी कधी पारड्याला शिवू दिले नाही. मोबाईल उलटा केल्यावर असा छाप कोठे आहे, हे मला आजपर्यंत कोणीही दाखवू शकले नाही. म्हणून मी तो घेतला नाही.

माझी नात मंजुश्री हिला ही नोकरी लागल्यावर मला प्रथम कळले, की सरकार याही बाबतीत झोपलेले नाही. बाजारात यावयाचे मोबाईल आधी तिच्या प्रयोगशाळेत येतात. ते बिननावाचे, काळ्या पिशवीत, एखाद्या पडदानशीन बाईसारखे येतात. तेथे त्यांना तापवतात, बॅटरी फुगते की काय ते पाहतात, ठरावीक उंचीवरून खाली टाकतात. जो टिकतो त्याचा कागद दिल्लीस जातो आणि दिल्लीची मान्यता आल्याखेरीज कंपनीस तो विकता येत नाही, मग ती कंपनी कितीही धनवान असो. थोडक्यात, आपली नातसून ही मोबाईलची वजनमापे निरीक्षक आहे.

कोणता मोबाईल तपासणीस आला, हे ती कोणासही सांगत नाही. तशी तिने सही दिलेली आहे. सही मोडली तर नोकरी जाते. सबब आपणांकडून कोणी विचारू नये.

तिचे वडील चिरंजीव दयानंद हे आता दुकान पाहतात. पत्रव्यवहार मी माझ्याकडे ठेवला आहे. दोन घरांत ठरलेली गोष्ट कागदावर असावी, हे माझे मत आपण जाणता. माझ्या प्रत्येक पत्राची कार्बन नक्कल क्रमांकासह वहीत राहते. आजवर त्या वहीचे एकही पान फाटलेले नाही.

आपला,
बसवंतप्पा

❖

नांदेड
९/१/२५

बसवंतप्पांना नागप्पाचा शरणार्थ.

तुमचं पत्र मिळालं. काय अक्षर हाय अप्पा तुमचं! अन् भाषा तर अशी की कलेक्टरनं तुमच्याकडं शिकवणी लावावी. मी वाचलं, घरानं ऐकलं, समोरच्या गिरणीवाल्यानं पण ऐकलं. तो म्हणला, "नागप्पा, तुमचे व्याही वकील होते का?" मी म्हणलो, "हाव, भुसारातले."

सिद्धम्माला पोरीचं काम समजलं. पण तिला आता दुसरीच फिकीर लागली. म्हणून राहिली, "दिवसभर फोन आपटून आपटून पोरीच्या हाताला तीच सवय लागली तर आपल्या कपबशीचं काय हो?" मी म्हणलो, कपबशीला कुठं दिल्लीची मान्यता लागती. तर माझ्यावरच तापली.

एक गोष्ट लिहितो, राग धरू नका. माझ्या नातवाचं, उमाशंकरचं मोबाईलचं दुकान तुम्ही पाह्यलंच. पाडव्याला एका कंपनीचा लई मोठा फोन येऊन राहिला म्हणतात. पापडासारखी घडी पडती त्याची. बाजारात सगळे त्याच्यावरच डोळे लावून बसलेत. पण दिल्लीनं पास केला का न्हाई, कोणालाच पत्ता न्हाई. पोरीनं नाव सांगू नये, गाव सांगू नये. नुसतं पास का नापास एवढंच तुमच्या कानात बोलली, अन् तुम्ही माझ्या कानात बोलले, तर पोराला दुकानात तयारी करता येईल. घरातली गोष्ट घरातच राहील. मी माहूरच्या गाडीवर सव्वीस वर्षं कंडक्टरकी केली, एका पाशिंजराची गोष्ट दुसऱ्याला सांगितली न्हाई.

अंतर्देशीय पत्रात जागा संपली, म्हणून कडेला लिहून राहिलो. वाचताना पत्र फिरवा.

तुमचा नागप्पा

❖

मुरूड
दिनांक १६ जानेवारी २०२५
नक्कल क्रमांक ११८

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

आदरणीय नागप्पा यांना शरणार्थ. संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवला आहे.

आपले पत्र मी फिरवून वाचले. कपबशीविषयी सिद्धम्मा यांनी निश्चिंत असावे. आमच्या घरात कपबशी फोडण्याचे काम आमच्या सौभाग्यवती गौरम्मा करतात, आणि त्याही केवळ माझ्याशी मतभेद झाल्यासच. मंजुश्रीने आजवर एक कप फोडलेला नाही.

आपल्या दुसऱ्या मजकुराने मात्र मला खेद झाला. सन १९७१ साली आमच्या भागात एक निरीक्षक होते. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचे दुकान माझ्या दुकानाच्या शेजारीच होते. मेहुण्याची पाचशेरी, म्हणजे पाच किलोचे वजन, हलकी निघाली तेव्हा निरीक्षकांनी ती भर बाजारात जप्त केली आणि त्याच मेहुण्याच्या घरी दुपारी जेवायला गेले. त्यांना कोणी वाढले नाही. ते ताटावर बसून राहिले आणि तसेच उठले, परंतु पाचशेरी परत दिली नाही. अधिकार म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिले. माझी नात त्याच पंथातील आहे.

आता मी आपणांस एक गोष्ट मुद्दाम सांगतो, म्हणजे आपली खात्री पटेल की हे घर कोणत्या धातूचे आहे. सुपारीच्या दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या होती. आम्ही सर्व शेतात जेवावयास गेलो होतो. मंजुश्री मला आंबील वाढत असताना तिच्या तळहातावर शाईने काही लिहिलेले माझ्या दृष्टीस पडले. तिला लहानपणापासून तळहातावर टिपण्याची सवय आहे. मी विचारले, "हे काय आहे?" तिने मूठ मिटली आणि म्हणाली, "आजोबा, फोनचा नंबर हाय, तपासणीतला. तुम्ही हे पाह्यलंच न्हाई असं समजा." मी म्हणालो, "पाहिले नाही."

सबब मी आपणांस सिद्धेश्वराची शपथ घेऊन स्पष्ट शब्दांत कळवतो, की सदर मोबाईलचा क्रमांक एस के ७१४० हा मी देहात प्राण असेपर्यंत कोणासही सांगणार नाही. आपण व्याही असलात तरी सांगणार नाही. प्रत्यक्ष जिल्हाधिकारी विचारते झाले तरी सांगणार नाही.

या विषयावर पुन्हा लिहू नये, ही विनंती.

आपला,
बसवंतप्पा

❖

नांदेड
२७/१/२५

बसवंतप्पांना शरणार्थ.

तुमचं पत्र पोचलं. तिळगूळ लई गोड होता.

तुम्ही जे बोलले ते शंभर टक्के खरं. मी पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढणार न्हाई. उमाशंकर पण काढणार न्हाई. आम्हाला आता काहीच विचारायचं न्हाई.

सिद्धम्मा म्हणती, असा सोयरा नशिबानं मिळतो. उमाशंकर पण तेच म्हणून राहिला. दोनदा म्हणला.

लग्नाची तारीख बसव जयंतीचीच, ३० एप्रिल. आहेराचं नंतर बोलू.

तुमचा नागप्पा

❖

मुरूड
दिनांक १७ फेब्रुवारी २०२५
नक्कल क्रमांक १२१

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

चि. मंजुश्री हिला आजोबांचे आशीर्वाद. हे आशीर्वाद केवळ रीत म्हणून लिहिले आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आपल्या गल्लीतील व्यंकटी परवा नांदेडास गेला होता. परत आल्यावर त्याने त्याच्या मोबाईलमध्ये मला एक छायाचित्र दाखवले. तुझ्या होणाऱ्या पतीच्या दुकानावर दारापेक्षा मोठा फलक लावला आहे. त्यावर लाल अक्षरांत मजकूर आहे : "येतोय! एस के ७१४०! सरकारने पास केलेला! नावं नोंदवा, पहिला मान मिळवा!" व्यंकटी म्हणाला, "अप्पा, साठ-पासष्ट पोरांनी नावं देऊन ठेवलीत. मी बी दिलं."

तो क्रमांक मी वाचला. माझ्या पायांखालची ओसरी सरकली.

हा क्रमांक जगात दोघांनाच ठाऊक होता, तुला आणि मला. मी तर शपथ घेतलेली आहे. मग राहिले कोण? तुझे आणि उमाशंकरचे रोज सायंकाळी मोबाईलवर बोलणे होते, हे मला गौरम्मा यांच्याकडून समजले आहे. होणाऱ्या पतीशी बोलावे, त्यास माझी हरकत नाही. परंतु गोड बोलण्याच्या भरात सही विसरावी? मी या मुलीचे दाखले लोकांना देत आलो. जप्त केलेल्या पाचशेरीची गोष्ट सांगत आलो. आता ती गोष्ट मी कोणत्या तोंडाने सांगू?

गौरम्मा म्हणतात, "पोरीला विचारा तरी आधी. का तुमचा न्याय बी उधारीवर चालतो?" म्हणून विचारत आहे. लेखी उत्तर द्यावे.

बसवंतप्पा

❖

हैदराबाद
२१ फेब्रुवारी

आजोबा,

तुमचं पत्र मिळालं. त्या दिवशी मी घरीच होते. ऑफिसला जायला मला सध्या मनाई आहे.

उमाशंकरनी त्या बोर्डाचा फोटो इंटरनेटवर टाकला. तो फिरत फिरत त्या फोनच्या कंपनीकडे गेला आणि कंपनीनं आमच्या साहेबांना विचारलं की आमचा नंबर नांदेडच्या दुकानावर कसा. साहेबांनी चौकशी केली तर ते दुकान माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं निघालं. त्यांनी मला समोर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, सोमवारी ३ मार्चला लेखी खुलासा द्या, तोपर्यंत येऊ नका. तीन वर्षं मी तिथं मान खाली घालून काम केलं. परवा सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी डबा न उघडताच घरी आले.

मी कुणाला सांगितलं नाही, आजोबा. उमाशंकरला नाही, आईलाही नाही. उमाशंकर विचारायचे तेव्हा मी फोन ठेवून द्यायचे. दोनदा आमचं त्यावरनं भांडण झालं. आजीनं तुम्हाला तेही सांगितलं असेल.

तळहात माझा होता, तेवढा दोष माझा. तो मी खुलाशात लिहिणार आहे.

बाकीचं मी काल उमाशंकरला विचारलं, नंबर कुठनं आला म्हणून. त्यांनी मला एका कागदाचा फोटो पाठवला.

तुम्ही एवढंच करा. नक्कलवही काढा. क्रमांक ११८. शेवटून दुसरा परिच्छेद. चष्मा लावून वाचा आणि आजीला जवळ बसवून घ्या.

मंजुश्री

❖

मुरूड
दिनांक २४ फेब्रुवारी २०२५
नक्कल क्रमांक १२२

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मोबाईल तपासणी प्रयोगशाळा, हैदराबाद येथील माननीय प्रमुख साहेब यांचे सेवेशी,

अर्जदार बसवंतप्पा, वय ब्याऐंशी, धंदा पूर्वी भुसार, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार मुरूड, जिल्हा लातूर, याजकडून सविनय कबुलीजबाब.

आपल्या येथील तपासनीस कुमारी मंजुश्री ही माझी नात आहे. आपल्याकडे तपासणीस आलेल्या मोबाईलचा क्रमांक फुटल्याबद्दल आपण तिचा खुलासा मागितला आहे. तिने क्रमांक फोडलेला नाही. तो मी फोडला. तो मी माझ्या स्वतःच्या हाताने, शुद्ध अक्षरात, शपथेसह लिहून नांदेडास टपालाने पाठवला.

आपण विचाराल, शपथ घेणारा मनुष्य तीच गोष्ट कशी लिहील. मी स्वतःलाही हेच विचारले. साहेब, मला अशी सवय आहे की कोणताही कागद मोघम लिहायचा नाही. वस्तू लिहिली की तिचे वर्णन लिहावे, मापासह लिहावे. 'एक पोते तूर' असे न लिहिता 'लाल तूर, नव्वद किलो, दोन वेळा चाळलेली' असे लिहिण्यात माझे आयुष्य गेले. कोणता क्रमांक सांगणार नाही, हे स्पष्ट न केल्यास शपथ अपुरी राहील असे मला वाटले. ती पुरी करण्याच्या भरात मी ती मोडली, आणि पाकीट चिकटवून, तिकीट लावून, समाधानाने घरी आलो.

त्यानंतर मी निर्दोष मुलीवर आळ घेतला. त्या पत्राचीही नक्कल माझ्याकडे आहे. ती मी आपणांस पाठवत नाही. ती वाचण्यासारखी नाही.

पुरावा म्हणून नक्कल क्रमांक ११८ चे मूळ पान वहीतून फाडून सोबत जोडले आहे. वही सन १९६२ पासूनच्या पद्धतीप्रमाणे चालू असून तिचे पान फाडण्याची ही पहिलीच वेळ आहे. पान फाडण्याची सवय नसल्याने कड वाकडी गेली आहे. क्षमा असावी.

कायद्याप्रमाणे जी शिक्षा होईल ती मला व्हावी. मी बोलावल्या तारखेस हैदराबादेस हजर राहीन. येताना जेवण बरोबर आणीन, आपणांस तसदी पडणार नाही. परंतु मुलीस कामावर घ्यावे.

आपला नम्र,
बसवंतप्पा

❖

हैदराबाद
५ मार्च

आजोबा,

आजपासून मी कामावर आहे.

साहेबांना मराठी येत नाही, ते वरंगळचे. त्यांनी तुमचं पत्र आमच्या ऑफिसात बिदरचे एक जण आहेत त्यांच्याकडून वाचून घेतलं. एक-एक वाक्य तेलुगूत. 'दोन वेळा चाळलेली' इथं ते हसायला लागले. वहीचं पान हातात घेतल्यावर हसायचे थांबले. मला म्हणाले, "मा ताताही असेच होते," म्हणजे त्यांचे आजोबा. आणि ते पान त्यांनी माझ्या फाईलीत लावलं.

आता पुढचं नीट वाचा. मान्यता मिळालेल्या फोनचे नंबर दिल्लीचं खातं स्वतःच यादीत टाकतं. ती यादी कुणालाही दिसते. यादीप्रमाणे त्या फोनला मान्यता मिळाली १३ जानेवारीला. तुमचं पत्र १६ तारखेचं. म्हणजे तुम्ही लिहिलंत तेव्हा तो नंबर गुपित राहिलाच नव्हता. साहेबांनी तारखा जुळवल्या आणि कंपनीला तसं कळवलं. त्यामुळं माझी सही मोडली नाही आणि तुमच्यावर काही गुन्हाही नाही. तळहातावर लिहिल्याबद्दल मला मात्र ताकीद मिळाली. ती बरोबरच आहे.

उमाशंकरनी माझी माफी मागितली. मी अजून दिलेली नाही. सध्या तपासणीत ठेवली आहे.

मंजुश्री

❖

नांदेड
२/४/२५

बसवंतप्पांना नागप्पाचा शरणार्थ. पाडव्याच्या शुभेच्छा.

आज खरं खरं लिहून राहिलो. दोन महिने माझ्या घशाखाली भाकर गेली न्हाई. खोटं कशाला बोलू, गेली, पण चव लागली न्हाई.

अप्पा, मी तुमची शपथ कोणाला सांगितली न्हाई. मी फक्त वाचली. तुमचं पत्र आलं की मी मोठ्यानं वाचतो. सव्वीस वर्षं गाडीत "माहूरवाले, पुढं सरका" म्हणून वरडलेला गळा हाय, तो हळू वाचतच न्हाई. उमाशंकर जेवून राहिला होता. "एस के ७१४०" ऐकलं अन् घास तोंडात तसाच. म्हणला, "आजोबा, ज्या नंबरासाठी मुरूडचे अप्पा जीव द्यायला तयार झाले, तो साधा फोन असंल का? घडीचाच हाय तो, अन् पास पण झालाच असणार!" मी म्हणलो, गप बस, शपथ हाय. पण दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला. मला वाटलं, तुम्हाला मुरूडात काय दिसतंय. तुम्हाला ते २७ तारखेचं गोड पत्र लिहिलं ते त्याच्यामुळंच. तिळगूळ खरं म्हणजे थोडा कडक झाला होता.

आता पुढचं ऐका. पाडव्याला एस के ७१४० आला. दुकानासमोर त्रेसष्ट पोरं हजर. हार आणला होता, एकानं नारळ आणला होता. उमाशंकरनं खोका उघडला. आतून काय निघावं? बटणांचा फोन! एक-एक बटण बत्ताशाएवढं. आकडे असे की गिरणीवाल्याला रस्त्यापलीकडनं दिसले. वर उजेडाची बॅटरी, मागं लाल बटण, दाबलं की घरच्या चौघांना फोन लागतो. ढोपराएवढ्या उंचीवरनं पडला तरी फुटत न्हाई म्हणे. म्हाताऱ्या लोकांसाठी काढलेला फोन हाय अप्पा तो! घडीचा फोन तर अजून आलाच न्हाई.

पोरांनी उमाशंकरकडं असं पाह्यलं की त्यानं शटर अर्धं ओढून घेतलं. एक जण म्हणला, "शेठ, ह्याच्यात कॅमेरा कुठं हाय?" दुसरा म्हणला, "आजाला विचार." ते तो चेष्टेत बोलला, पण पोरं खरंच आपापल्या आजांना घेऊन आली. बिलोलीपासून म्हातारे आले. काल संध्याकाळी दुकानात एक पण फोन उरला न्हाई. सिद्धम्मानं एक घेतला. दिवसभर लाल बटण दाबून राहिली, अन् आम्ही चौघं दिवसभर पळून राहिलो.

एक तुमच्यासाठी बाजूला ठेवला. उमाशंकर स्वतः घेऊन येऊन राहिला. त्याला दारात उभं ठेवायचं असंल तर ठेवा, पण तारीख मोडू नका. पोरीशिवाय त्याचं मन लागत न्हाई अन् तुमच्या पत्राशिवाय माझं.

तुमचा गुन्हेगार,
नागप्पा

❖

मुरूड
दिनांक १० एप्रिल २०२५
नक्कल क्रमांक १२३

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

आदरणीय नागप्पा यांना बसवंतप्पा यांचा शरणार्थ.

चिरंजीव उमाशंकर परवा येऊन गेले. त्यांना दारात उभे ठेवले नाही. ओसरीवर उभे ठेवले. गौरम्मा यांनी सात-आठ मिनिटांनी बसावयास सांगितले, ते मी चालवून घेतले. (येथील दोन वाक्ये तपासणीत नापास झाली.) मुलगा वाईट नाही. चूक कबूल करताना त्याने माझ्याकडे पाहिले, मोबाईलकडे पाहिले नाही.

मोबाईल मी हातात घेतला, उलटा केला आणि भिंग लावून पाहिला. मागच्या झाकणाच्या कडेला बारीक अक्षरांत सरकारी चिन्ह आहे आणि त्याखाली क्रमांक आहे. एकाहत्तर वर्षांच्या वाचनाच्या सवयीमुळे तो मला वाचता आला. हा मोबाईल माझ्या नातीने तापवला आहे, पाडला आहे आणि मग सोडला आहे. सबब मी तो ठेवून घेतला. काल प्रथमच मी त्यावर मंजुश्रीशी बोललो. उभा राहून बोललो. पाच मिनिटे मी काय बोललो ते मला आठवत नाही, कारण त्याची नक्कल राहत नाही.

ती म्हणाली, "आजोबा, मनाला लावून घेऊ नका. यादी आधीच लागली होती." मी ते मान्य करीत नाही. ज्या दिवशी मी तो क्रमांक लिहिला, त्या दिवशी यादीचे मला ज्ञान नव्हते. बिनछापाचे वजन योगायोगाने बरोबर भरले, म्हणून ते वापरल्याचा गुन्हा माफ होत नाही. खात्याने मला सोडले असेल, मी स्वतःला सोडलेले नाही. चौथीत पहिला आलेला मनुष्य स्वतःचे पत्र पुन्हा वाचत नाही, हा माझा खरा दोष आहे. मला माझे अक्षर पाहण्याची सवय होती, मजकूर पाहण्याची नव्हती.

म्हणून मी स्वतःस पुढीलप्रमाणे शिक्षा ठरवली आहे. माझ्या हातचे कोणतेही पत्र यापुढे तपासणीखेरीज बाहेर जाणार नाही. ते आधी मंजुश्रीकडे जाईल. तिला आवश्यक वाटेल ते तिने खोडावे. तिची मान्यता खाली उमटल्यावरच त्यास तिकीट लागेल. लग्नानंतर ती नोकरीच्या सुट्ट्यांत आपल्याच घरी राहणार असल्याने माझी पत्रे आपणांकडे तपासणीसाठी येतील, तपासून मुरूडास परत येतील आणि येथून पुन्हा आपणांकडे रवाना होतील. टपालास थोडा वेळ लागेल. त्यास माझा इलाज नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

आहेराबाबत नंतर बोलू, असे आपण लिहिले होते. (येथील एक वाक्य नापास.) आमचे काहीही मागणे नाही.

नक्कलवहीत ११७ नंतर एकदम ११९ येते. मधल्या फाटलेल्या कडेवर मी काही चिकटवलेले नाही. ती तशीच राहील. वही उघडली की बोट तेथे अडते आणि मी पुढचे पत्र सावकाश लिहितो.

३० एप्रिलला मंडळींसह अवश्य यावे. सिद्धम्मा यांनी लाल बटण घरी ठेवून यावे.

आपला,
बसवंतप्पा

❖

(खाली निळ्या शाईत, निराळ्या अक्षरात)

तपासले. तीन वाक्ये नापास, कारणे आजोबांना तोंडी सांगितली. उरलेले पत्र तापवून आणि पाडून पाहिले, शाबूत आहे. पाठवण्यास हरकत नाही.

उमाशंकरची माफी मान्य. छाप लग्नात मिळेल.

नागप्पा आजोबा, हे मनातल्या मनात वाचा.

मंजुश्री
१४/४/२०२५